तोंड बरं हाय

योगिनी : घोरतायत? थांबा काका, घोरतायत म्हणजे कशा?

पुंजा : म्हंजे झोप लागली ना ताई, गाढ. मघाशी तुम्ही सांगितलं तसं केलं. आंब्याखाली निजवलं, आईला फडका ओला करून डोक्यावर ठेवायला लावला. जरा वेळ कण्हत होती, मग डोळा लागला. आता मस्त घोरू राहिली. मला इथं ऐकू येतंय, दहा पावलांवर.

योगिनी : तुम्ही जवळ नाही का त्यांच्या?

पुंजा : आई हाय ना जवळ. मी मोटारीच्या खोलीपाशी हाय. पण तुम्ही कशाला तसदी घेतली फोनची? बरं वाटू राहिलं तिला.

योगिनी : आमची पद्धत आहे. गाडी नको म्हणालेल्या माणसाला अर्ध्या तासानं हॉस्पिटलमधून परत फोन करायचा. मघाशी मी लिहून घेतलंय ते वाचून दाखवते, चुकलं असेल तर सांगा. पुंजा पाटील, गिरणाऱ्याच्या पुढे, मळ्यातली वस्ती. पेशंट बाई, वय अडतीस. द्राक्षबागेत काड्या वेचताना चक्कर आली. डोकं दुखतंय, एक उलटी. तोंड वाकडं नाही, हातपाय चालतात, बोलणं नीट. बरोबर?

पुंजा : बरोबर. ऊनच लागलंय ताई. छाटणी झाली, बागेत औषधाला पान नाय. एरवी मांडवाखाली सावली असते, आता नुसत्या तारा तापल्या. पेठच्या मजूर बाया लगीनसराई म्हणून घरी गेल्या, मग आम्हीच घरचे लागलो काड्या वेचायला. ऊन लागणारच.

योगिनी : डोकं कसं दुखायला लागलं? हळूहळू वाढत गेलं की एकदम?

पुंजा : एकदम. बाराला लाईट आली, मी मोटार चालू करून बागेत आलो, अन् पाचच मिनिटांत तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडली. अशी ओरडणारी बाई नाय ती. मी चार ओळी पलीकडं होतो, मला वाटलं जनावर चावलं.

योगिनी : हे मघाशी नाही सांगितलंत मला.

पुंजा : तुम्ही विचारलं डोकं दुखतं का. मी हो म्हणालो.

योगिनी : हो. खरंय. कसं ते मीच विचारायला हवं होतं. काका, त्यांना आधी उठवा. आत्ताच्या आत्ता.

पुंजा : आई, ताई म्हणू राहिल्या, उठव तिला.

लंकाबाई : कोण ताई? निजू दे रं तिला. पोराची, रुद्रची परीक्षा म्हणून पहाटं चारला उठती बापडी. डोळा लागलाय तर कशाला उठवू?

योगिनी : काका, फोनचा आवाज मोठा करा, आजींना माझं ऐकू येऊ दे. आजी, मी योगिनी, गंगापूर रोडच्या हॉस्पिटलातून बोलतेय. सुनेला हाक मारा, खांदा हलवा. जरा जोरात.

लंकाबाई : तिप्पे. ए तिप्पे. ऊठ गं बाई, दवाखान्यातली पोरगी बोलावती. तिप्पे. पुंजा, ही नुसती कण्हती. डोळे न्हाय उघडत.

पुंजा : झोपंत असंल आई.

योगिनी : ही झोप नाही काका. तुम्ही त्यांचा चेहरा बघा. एका बाजूला ओघळलाय का, तेवढं मला बघून सांगा.

पुंजा : तोंड बरं हाय. मघाशीच सांगितलं तुम्हाला.

योगिनी : मघाशी असेल. आता परत बघा.

पुंजा : आई, तोंड बरं हाय ना गं तिचं?

लंकाबाई : बरं हे. गार लागतं हाताला.

योगिनी : आजी, हाताला नको. डोळ्यांनी बघा.

लंकाबाई : डोळ्यांनी कुठून बघू माय? एकात मोतीबिंदू, दुसऱ्याचं कापलं तरी धुकंच. अन् तोंडाला तर फडकं बांधलेलं हे तिच्या.

योगिनी : कसलं फडकं?

पुंजा : स्टोल हो ताई. बाया बांधतात, उन्हाचा, धुळीचा. नुसते डोळे उघडे ठेवून.

योगिनी : तो अजून बांधलेलाच आहे?

लंकाबाई : उलटीच्या टायमाला सैल केला व्हता मी. परत घेतला बांधून.

योगिनी : मग काका, मघाशी मी विचारलं तेव्हा तोंड वाकडं नाही हे तुम्ही कशावरून सांगितलंत?

पुंजा : बघितलं नव्हतं.

योगिनी : बघितलं नव्हतं, आणि मला सांगितलंत सरळ आहे म्हणून?

पुंजा : ताई, माझ्या धाकट्या भावाची बायको हाय ती. मी तिचा भाया. आमच्यात भायानं तोंड नाय बघत. तीही माझ्यापुढं येत नाय, आली तर पदर घेऊन. तुम्ही विचारलं तोंड कसं हाय, मी म्हणालो बरं हाय. वाकडं कशाला असंल, असं वाटलं.

योगिनी : आणि बोलणं? बोलणं नीट आहे म्हणालात.

पुंजा : माझ्याशी बोलत नाय ती. आईला काहीतरी म्हणाली, ते मला लांबून ऐकू आलं.

योगिनी : आजी, काय म्हणाली ती तुम्हाला?

लंकाबाई : काय की बाई. मला उमगलं न्हाय. जीभ जड झालती तिची, शब्द लोळत व्हते. म्हणलं तहान लागली असंल.

योगिनी : दोघंही फोन ठेवू नका. मी इथंच आहे, एक मिनिट गाडीच्या ड्रायव्हरशी बोलते. रंगनाथदादा, तुम्ही पेशंट सोडून दुगाव फाट्यावरच आहात ना? गाडी वळवा, गिरणाऱ्याच्या पुढे जायचंय. बाई अडतीस वर्षांची, बेशुद्धीकडे चालली आहे, एकदम डोकं दुखून पडली, घोरतेय. डॉक्टरना फोन द्या… सर, मेंदूतला रक्तस्राव वाटतोय. हो, स्कॅनशिवाय नाही सांगता येणार, मला कळतंय. पण मघाशी ऊन लागलंय समजून मीही गाडीचा आग्रह धरला नव्हता. हो. निघा. काका, आहात ना?

पुंजा : मेंदूतलं काय म्हणालात?

योगिनी : मेंदूत रक्त वाहत असेल अशी शंका आहे. गाडी निघालीय, पंधरा मिनिटं लागतील. तोवर मला डोळे हवेत तिथं, आणि आजींना दिसत नाही. तुम्ही जवळ जा.

पुंजा : आई, मी येऊ का तिकडं?

लंकाबाई : काही येऊ नको. मी हे ना. तिचा पदर पार खाली पडलाय, पाय उघडे झालेत. सोळा वर्सं झाली तिला ह्या घरात येऊन, कधी उघड्या डोक्यानं तुझ्यासमोरून गेली का ती? शुद्धीवर आल्यावर काय तोंड दाखवंल तुला?

योगिनी : आजी, एक काम करा. तिचा डावा हात तुमच्या हातात घ्या.

लंकाबाई : घेतला.

योगिनी : आता तिला म्हणा, हात दाब.

लंकाबाई : तिप्पे, दाब गं माझा हात. दाब बाळा. मी हे, सासू. थोडा दाब.

योगिनी : दाबतेय?

लंकाबाई : न्हाय.

योगिनी : हात थोडा वर उचला आणि सोडून द्या. उजवाही तसाच करून बघा.

लंकाबाई : उजवा सावकाश खाली आला. डावा… डावा आपटला. ओल्या धोतरासारखा पडला. पुंजा, दाबत न्हाय रं ती. माझी सून हात दाबत न्हाय.

पुंजा : आई…

लंकाबाई : ये इकडं. मी सांगते म्हणून ये. बघ तिच्याकडं.

योगिनी : काका, फोन खाली ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा. आधी तो स्टोल सोडा. आता उलटी झाली तर श्वासच कोंडेल.

पुंजा : गाठ मागं हाय. मानेखाली. मुंडकं उचलावं लागंल.

योगिनी : उचला हळू. झटका नका देऊ.

पुंजा : निघंना. घामानं घट्ट बसलीय.

लंकाबाई : थांब, मी धरते डोकं. तू सोड.

पुंजा : निघाली.

योगिनी : काय दिसतंय?

पुंजा : ताई…

योगिनी : काय दिसतंय ते सांगा काका. जसं दिसतंय तसं.

पुंजा : डावीकडचं तोंड खाली आलंय. ओठाचा कोपरा लोंबतोय, लाळ चाललीय तिथून. गाल घोरताना फुगतोय एकाच बाजूनं. हे मघाशी पण असंच असंल का?

योगिनी : मला माहीत नाही. आता मागचं सोडा. तोंडात काही आहे का? बोट घालून बघायला लागेल.

लंकाबाई : खडीसाखर ठेवली व्हती मी. जीव थाऱ्यावर यावा म्हणून.

योगिनी : ती काढा. दिसतंय तेवढंच काढा, खोल बोट घालू नका. आणि पाणी, सरबत, कांदा, काहीही तोंडाशी नेऊ नका. गिळता येत नसताना दिलं तर ते फुप्फुसात जाईल.

पुंजा : काढली. अर्धी विरघळलीय.

योगिनी : आता त्यांना कुशीवर करायचं, तुमच्याकडे तोंड करून. पलीकडचा गुडघा वाकवा. एक हात त्या गुडघ्यावर, एक हात खांद्यावर, आणि आपल्याकडे ओढा.

पुंजा : माझ्याकडं?

योगिनी : तुमच्याकडे.

लंकाबाई : ओढ रं. काय विचारत बसलास.

पुंजा : झाली कुशीवर. जड पडली लय. डोक्याखाली माझा सदरा घडी करून ठेवला.

योगिनी : छान. तोंड जरा खालच्या अंगाला राहू दे, लाळ बाहेर पडू दे. घोरणं कमी झालं?

पुंजा : झालं. व्हय, झालं कमी.

योगिनी : जीभ मागे पडत होती. म्हणून घोरत होती ती, झोपेनं नाही.

लंकाबाई : बाई, माझ्याकडं रक्त पातळ व्हायची गोळी हे, छातीची. डाक्टर म्हणला व्हता, दुखलं की एक घ्यायची. ती चुरून लावू का तिच्या जिभेवर?

योगिनी : नाही आजी. अजिबात नको. आत रक्त वाहत असेल तर त्यानं आणखी वाहील. बरं झालं विचारलंत.

लंकाबाई : विचारलं नसतं तर दिलीच असती मी. डब्बी हातात हे माझ्या.

योगिनी : डब्बी लांब ठेवा. तिला बीपी आहे का?

लंकाबाई : हे की. रुद्रच्या पाठीवरचं पोर पडलं तव्हापासून. सरकारी दवाखान्यात सांगितलं, गोळी रोज घ्यायची. घेती ती.

योगिनी : काका, घेतात ना रोज?

पुंजा : आई म्हणती ना.

योगिनी : बरं. तिच्या नवऱ्याला कळवलंत?

पुंजा : शेखर वाशीला हाय, टोमॅटोची गाडी घेऊन. आठवड्यातले पाच दिवस तिकडंच. दोनदा लावला, उचलत नाय. गाडी चालवत असंल.

योगिनी : नंबर सांगा, मी इथून लावत राहते. आणि आमच्या गाडीला रस्ता सांगा नीट. ड्रायव्हरदादा विचारतायत, गिरणारं सोडल्यावर किती वस्त्या लागतात, त्यातली तुमची कोणती?

पुंजा : शाळेच्या पुढं पाण्याची टाकी. टाकीपासून डावीकडं कच्चा रस्ता. पुढं दोन फाटे फुटतात, चुकतंच माणूस. पाहुणेसुद्धा चुकतात. एरवी मी जातो फाट्यावर उभा राहायला.

योगिनी : कोणी दुसरं नाही का जाण्यासारखं?

पुंजा : मंडळी नांदगावला लग्नाला. रुद्र शाळेत. शेजारची वस्ती अर्धा किलोमीटर लांब. मी पळत जाऊन येतो ताई, पाच मिनिटांत.

योगिनी : तुम्ही नाही हलायचं. तिचा श्वास बघायला डोळे लागतात.

लंकाबाई : मी जाते.

पुंजा : आई, तुझे गुडघे. अंगणातनं बागेत यायला दहा मिनिटं लागतात तुला.

लंकाबाई : लागू दे. फाटा काय लांब न्हाय. मला गाडी दिसंना का, गाडीला मी तर दिसंन? हिरवं लुगडं हे माझं, काठी वर धरते.

पुंजा : अन् इथं मी एकटाच…

लंकाबाई : एकटाच राहा. तिच्यापाशी बस. हात सोडू नको तिचा, उजवा.

(लंकाबाई निघाली. पुंजानं जन्मात पहिल्यांदा आईला मागं वळून न बघता जाताना पाहिलं. आंब्याखाली आता तो, त्याची भावजय आणि जमिनीवर उताणा पडलेला फोन एवढेच उरले, आणि पुंजाला भीती वाटली.)

योगिनी : काका, तिची छाती दिसतेय? श्वास घेतला की मला फक्त "आता" म्हणायचं. दुसरं काही नाही.

पुंजा : आता.

योगिनी : हं.

पुंजा : आता. … आता.

योगिनी : चालू ठेवा.

पुंजा : आता. … … आता. ताई, मधी थांबली होती.

योगिनी : ऐकलं मी. थांबल्यावर पुन्हा सुरू झाली, हे महत्त्वाचं. पूर्णच थांबली तर काय करायचं ते मी सांगेन, घाबरू नका. हात सोडला नाहीत ना तिचा?

पुंजा : नाय सोडला.

योगिनी : छान. पुढे.

पुंजा : आता. … आता. ताई, एक सांगायचंय.

योगिनी : सांगा. बघत बघत सांगा.

पुंजा : गोळ्या चालू नाय तिच्या.

योगिनी : किती दिवस?

पुंजा : होळीच्या आधीपासून. दीड-दोन महिने. आता. रुद्रनं रिकामं पाकीट आणून दिलं माझ्याकडं. म्हणाला, मोठे पप्पा, आईनं सांगितलंय ह्या आणा. शेखर नसतो, गावात रोज मी जातो. मी घेतलं, खिशात टाकलं. आता. मेडिकलसमोरून रोज गेलो ताई. तिथं शेजारीच चहा घेतो मी.

योगिनी : विसरलात.

पुंजा : विसरलो. पंधरा दिवसांनी पोरगं परत आलं. मी म्हणालो, आणतो. आता. … तिसऱ्यांदा नाय आलं. मला वाटलं शेखरनं आणल्या असतील. म्हंजे वाटलं असं म्हणतोय मी. खरं सांगायचं तर ते पाकीटच डोक्यातनं गेलं.

योगिनी : आजींना माहीत नाही?

पुंजा : आईला वाटतं ती घेती. तिनं सांगितलंच नसंल. भाया आणत नाय असं सासूला कशी सांगंल? घरात वाद नको म्हणून गप्प बसली असंल. मला तर तिचा आवाजही ओळखू येत नाय ताई. आज ओरडली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही अशी ओरडते. आता.

योगिनी : श्वास किती वेळानं आला?

पुंजा : बरोबर आला. सांगायला चुकलो का?

योगिनी : नाही. हे सांगितलंत ते फार उपयोगाचं आहे. गाडीतल्या डॉक्टरना हे असंच सांगायचं. गोळ्या दोन महिने बंद. बारा वाजून किती मिनिटांनी ओरडली?

पुंजा : बाराला लाईट येते. मोटार चालू करून चालत आलो. दहा मिनिटं धरा.

योगिनी : बारा दहा. आता एक वाजायला पाच कमी आहेत.

पुंजा : म्हंजे अर्धा तास मी तिकडं मोटारीपाशी बसलो होतो.

योगिनी : आणि मी इथं खुर्चीवर. काका, डोळे बघा तिचे. पापणी हलकेच वर करा. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का?

पुंजा : उजवी मोठी हाय. डावी बारीक.

योगिनी : नक्की?

पुंजा : नक्की. आता मी बघून सांगू राहिलो.

योगिनी : ठीक आहे. कळवते मी गाडीला. आता श्वास मोजणं चालू ठेवा, पण मधेमधे तिच्याशी बोलाही. ऐकू येत असतं कधीकधी, डोळे मिटलेले असले तरी.

पुंजा : काय बोलू?

योगिनी : काहीही. हाक मारा. नाव काय तिचं?

पुंजा : रुद्रची आई.

योगिनी : ते नाही. नाव.

पुंजा : तृप्ती. आई तिप्पी म्हणती. लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं. त्यानंतर मी घेतलं नाय कधी.

योगिनी : आता घ्या. जोरात.

पुंजा : तृप्ती. तृप्ती. गाडी येऊ राहिली. आई गेलीय फाट्यावर. तृप्ती. … ताई, उजव्या हाताची बोटं हलली.

योगिनी : तुमच्या हातात?

पुंजा : माझ्या हातात. नुसती हलली का दाबली ते नाय सांगता येत. मनाचं सांगणार नाय मी आता.

योगिनी : हलली एवढं पुरे. पुन्हा मारा हाक.

पुंजा : तृप्ती. आता. … तृप्ती. … … ताई, श्वास. श्वास नाय आला.

योगिनी : थांबा. बघा. हनुवटी हलकेच वर करा, मान मागे. छातीकडे बघा.

पुंजा : नाय येत.

योगिनी : मोजतेय मी. पाच. सहा. सात. काका, तिला उताणं करायची तयारी ठेवा. आठ.

पुंजा : आता. आला. आला ताई. मोठा आला.

योगिनी : हनुवटी तशीच धरून ठेवा. अजिबात सोडू नका.

पुंजा : धरलीय. … आता. … आता. भोंगा ऐकू येतोय. लांबून. तुम्हाला येतोय का?

योगिनी : नाही. तुम्हाला येतोय ना, बस झालं.

पुंजा : डावीकडं वळली. आई दिसू राहिली पुढं, ड्रायव्हरशेजारी. आईला आत घेतलंय त्यांनी. आता.

योगिनी : काका, ते आले की बाजूला व्हा आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्या. एकदम डोकं, बारा दहाला. उलटी. डावी बाजू. उजवी बाहुली मोठी. गोळ्या बंद. आणि जे बघितलं नसेल ते बघितलं नाही असंच म्हणा.

पुंजा : म्हणतो. … ताई, उतरले ते. नळी लावू राहिले तिला. स्ट्रेचर काढलंय.

योगिनी : शेखरभाऊंचा फोन लागलाय दुसऱ्या लाईनवर. वाशीहून निघतायत. त्यांना काय सांगू?

पुंजा : नीट सांगा. गोळ्यांचं मात्र मी सांगंन. ते तुम्ही नका सांगू.

योगिनी : बरं.

लंकाबाई : पुंजा, डाक्टर विचारतोय सोबत कोण येणार. मला मागं चढता येत न्हाय अन् तिच्यापाशी जागा एकाचीच हे. तू जा.

पुंजा : तू इथं एकटी?

लंकाबाई : रुद्र येईल आता शाळेतनं. त्याला जेवायला कोण घालंल? जा तू. डाक्टरला मी सांगितलंय, घरचं माणूस हे म्हणून.

पुंजा : आई, तिच्या डोक्यावरचा पदर…

लंकाबाई : राहू दे आता तो.

योगिनी : काका, मी ठेवू का फोन?

पुंजा : थोडं थांबा ताई. दार लागंपर्यंत. … वाचंल का ती?

योगिनी : मला नाही सांगता येणार. ऑपरेशनची तयारी इकडं सुरू केलीय. लवकर पोचताय, उशिरा नाही, एवढंच सांगते. खोटं नाही बोलणार मी.

पुंजा : नका बोलू. … डॉक्टर म्हणू राहिले, हाक मारत राहा, बोलत राहा.

योगिनी : मग बोला ना.

पुंजा : तुमच्यासमोर?

योगिनी : मी नाही ऐकत. मी लिहितेय.

पुंजा : तृप्ती. … तृप्ती, मी पुंजा. रुद्रचे मोठे पप्पा. ऐकू येतंय का? … इथून पुढं काही आणायचं असंल तर पोराला नको धाडू. मला सांग.